घरगुती कारण

सोमवार, ३ मार्च

दिवस त्रेपन्नावा. विभागात जाऊन रजिस्टरवर सही केली. माझ्या वरच्या उमेदवाराची सही पुन्हा रकान्याबाहेर — चौथ्यांदा! कारकुनाला दाखवली. (मनात मी त्याला ‘शिक्का’ म्हणतो. हातातून सोडतच नाही तो शिक्का.) म्हणाला, "काका, पीएचडी करायला आलात की माझी तपासणी करायला?"

नियमपुस्तिका, पान चौदा: तौलनिक शिक्षण आणि विकास या विषयाच्या उमेदवाराने दुसऱ्या देशात सलग एकशेऐंशी दिवस राहून अभ्यास करावा. दर सोमवारी सही. एक सोमवार चुकला की मोजणी पुन्हा एकपासून. बाकीची मुलं एकमेकांना विचारत बसतात — दुसरी भाषा कुठली चालते, तोंडी परीक्षा कधी असते. मी पुस्तिका तीनदा वाचली. कुणाला काही विचारावं लागलं नाही. आठवीत शाळा सुटली, छापखान्यात खिळे जुळवता जुळवता खरं वाचायला शिकलो. तेव्हा तरी कोण होतं विचारायला?

शनिवार, ८ मार्च

वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात मी शिरलो की बोलणं थांबतं. आज एका मुलीने विचारलं, "नळ दुरुस्त करायला आलात का?" म्हटलं, नाही, मी अकरा नंबरच्या खोलीत राहतो. बिचारी इतकी ओशाळली! खोलीत परत आलो. मग वाटलं, नळ तर खरंच गळत होता. जाऊन वायसर बदलला. आठवड्यातलं सगळ्यात लांब संभाषण हेच — तेही निम्मं नळाशी.

संध्याकाळी हिला फोन. बावीस मिनिटं. मिनिटं लिहून ठेवतो. का, ते सांगता येत नाही. लिहिलं की फोन लगेच संपल्यासारखा वाटत नाही.

गुरुवार, २७ मार्च

प्रौढांच्या वर्गाला गेलो. सुरुवातीला एकोणीस जण होते, आज अकरा. माझ्या प्रबंधाचा विषयच हा — मोठी माणसं वर्ग मध्येच का सोडतात? तिकडचे वर्ग आणि इकडचे. तिकडे अठरा वर्षं मीच असे वर्ग चालवले, त्यामुळे मला ऐकीव काही नको असतं. शिक्षकाच्या वहीतून आठ गळालेल्यांची कारणं उतरवून घेतली. कामाची वेळ बदलली, दोन. गाव सोडलं, एक. उरलेले पाच — ‘घरगुती कारण’.

हे काय कारण झालं! घरं काय आम्हाला नव्हती? बाहेरून मॅट्रिकला बसलो तेव्हा, वडील गेले त्याच्या तिसऱ्या दिवशी मी गणिताचा पेपर दिला होता. एकसष्ट मार्क.

शनिवार, २९ मार्च

अठरा मिनिटं.

शनिवार, १२ एप्रिल

नऊ मिनिटं. ही धापा टाकत होती. "आत्ताच जिना चढून आले," म्हणाली. मग, "कितवा दिवस?"

"त्र्याण्णवावा."

"म्हणजे निम्मे सरले की, अहो!" केवढा आनंद झाला तिला! तीस वर्षांत माझ्या अभ्यासात तिने एवढं लक्ष कधी घातलं नव्हतं. उशिरा का होईना, कदर झाली म्हणायची.

जेवण: दोन अंडी, तीन पाव. खिडकीकडे तोंड करून. भिंतीकडे तोंड केलं की घास लवकर संपतात.

शनिवार, २६ एप्रिल

फोन मेव्हणीने उचलला. "ताई झोपलीय, भावोजी."

"संध्याकाळी सहाला?"

"मग? तुम्ही नाही तेवढाच आराम. तुम्ही असलात की डब्यांची झाकणंसुद्धा कवायतीला उभी!"

हसलो. चार मिनिटं. झाकणं मी ओळीत लावतो हे खरं आहे. पण चूक काय त्यात? एकसारखी लावली की नेमकं कुठलं हरवलं ते लगेच दिसतं.

मेव्हणी आमच्याकडे राहायला आलेली दिसते. किती दिवसांसाठी, ते विचारायचं राहिलं.

सोमवार, ५ मे

एकशे सोळावा. सही.

मार्गदर्शक बाईंना तक्ता दाखवला. दोन देश, सहा वर्ग, एकशे चार माणसं. एकही बेरीज चुकलेली नाही. त्यांनी बराच वेळ पाहिला. "सुंदर काम आहे. पण हा एक रकाना बघा केवढा फुगलाय. एकशे चारांतली त्रेचाळीस माणसं तुम्ही ‘घरगुती’मध्ये कोंबलीत आणि वरून कुलूप लावलंत. आत काय आहे?"

म्हटलं, शिक्षकांच्या वह्यांत एवढंच लिहिलेलं असतं.

"मग वह्या ठेवा आणि माणसांना विचारा. एकेकाचं काय झालं, ते शेजारी शेजारी मांडा. तुलना म्हणजे दुसरं काय असतं?"

आम्हाला मूल झालं असतं तर या बाईंच्या वयाचं असतं. आणि ही मला तुलना शिकवणार! राग आला. त्यांचं बरोबर होतं म्हणून जरा जास्तच आला.

शनिवार, १० मे

सहा मिनिटं. बहुतेक बोललो मीच. बाईंची तक्रार सांगत होतो. ही नुसती "हं... हं..." करत होती.

मंगळवार, २० मे

वर्ग सोडलेल्या एका बाईंना भेटलो. दवाखान्याच्या चादरी धुण्याच्या विभागात कामाला आहेत. खोलीभर वाफ. माझा चष्मा तीनदा पुसला. त्या घडी घालता घालता बोलत होत्या. माझ्याकडे चादरीची दोन टोकं दिली — "नुसते उभे राहू नका, धरा." धरली. कोपऱ्याला कोपरा बरोबर जुळवला, तेव्हा कुठे बोलायला लागल्या.

"मुलगी बोलायची बंद झाली होती माझी. संध्याकाळी मी घरात असले की बोलते. म्हणून वर्ग सोडला."

"शिक्षकांना हे सांगितलं नाहीत?"

"सांगून काय? त्यांना वहीत एकच शब्द लिहायचा असतो."

"पण मुलीचं बिनसलंय हे तुम्हाला कळलं कसं?"

माझ्याकडे अशा बघत राहिल्या, जणू मी चादर उलटी धरली होती. "आधी बोलणं कमी झालं. मग नुसतं हं. मग तेही नाही. तुमच्यासारखं मोजायला कुठं येतं मला! पण घरातल्या माणसाचं कळतंच की. मग विचारायचं, एवढंच."

आठ चादरी झाल्या. त्या म्हणाल्या, "हात बरा आहे तुमचा."

शनिवार, २४ मे

दुपारी मार्गदर्शक बाईंनी सांगितल्याप्रमाणे नवे तक्ते आखायला बसलो. सराव म्हणून आधी एक छोटा तक्ता करावा म्हटलं. हाताशी हीच वही होती. तीन रकाने आखले — तारीख, मिनिटं, कोण बोललं.

बावीस. अठरा. नऊ, धाप. चार, मेव्हणी. सहा, नुसतं हं. गेल्या शनिवारी तीन.

सगळं माझ्याच अक्षरात. एकाही आकड्यात चूक नाही.

हिला फोन केला नाही. मेव्हणीला केला. म्हटलं, खरं सांग. ती आधी थट्टेवर नेत होती. मग रडायला लागली. हृदयाची एक झडप नीट काम करत नाही. डॉक्टरांनी ऑपरेशन एप्रिलमध्येच करायला सांगितलं होतं. "ताई ऐकेचना, भावोजी. आठ जुलैला तुमचे दिवस पुरे होतात ना? तिने दहाची तारीख मागून घेतलीय. म्हणते, यांना कळलं तर निघून येतील, आणि सगळी मोजणी मोडेल. रोज सकाळी कॅलेंडरवर फुली मारते. परवा फुली मारायला उठली आणि तिथंच खाली बसली. डॉक्टर फार चिडलेत. जूनचा पहिला आठवडा ओलांडू नका म्हणतात."

"तू तरी सांगायचंस मला."

"तिने शपथ घातली होती. विचारलं असतंत तर सांगितलं असतं. तुम्ही एकदा तरी विचारलंत का?"

फोनची मिनिटं पाहिली नाहीत.

सोमवार, २६ मे

एकशे सदतिसावा. संध्याकाळचं विमान. हिला कळवलेलं नाही, कळवलं तर अडवेल. विभागात गेलो. शिक्क्याला विचारलं, "यात काही सवलत असते का हो?" इथे आल्यापासून नियमांबद्दल कुणाला विचारलेला पहिला प्रश्न. त्याने पुस्तिका चाळली, दोनदा. "नाही, काका. परत आलात की एकपासून." मग रजिस्टर माझ्याकडे फिरवलं. ‘खंडाचे कारण’ हा रकाना बोटभर रुंद. मी ‘घरगुती’ लिहिलं. बघत राहिलो. खोडलं. पूर्ण काय ते लिहायला घेतलं — तिचं नाव, झडप, दहा जुलै, फुल्या. रकाना संपला. समासात लिहू नये असा नियम आहे. समासात लिहिलं.