बटणं सुनेच्या पर्समध्ये

३ मार्च, मंगळवार
शेगडीची चारही बटणं सुनेने उपटली, पर्समध्ये घातली आणि कामावर गेली. नमस्कार मागाहून, वहीबाई, आधी हे लिहून घे. बटणांच्या जागी नुसत्या चार लोखंडी खुंट्या उरल्यात. कवळी काढून ठेवलेल्या बाईसारखी दिसते शेगडी.
कारण काय, तर दूध तीनदा करपलं. हल्ली दूधच धड येत नाही.

४ मार्च
मुलाला सांगितलं. तो म्हणाला, बघू. लग्न ठरलं तेव्हाही बघूच म्हणाला होता. मनात मी त्याचं नावच बघू ठेवलंय.
गुडघ्यांनी जिना सोडला त्याला दोन वर्षं झाली. चार मजले खाली जग, वर मी. स्वयंपाकघर तेवढं माझं होतं.

५ मार्च
डॉक्टर म्हणाला, आजींना काहीतरी नवीन शिकवा, हाताला पाठ असलेलं नको. सून औषधाच्या दुकानात कामाला, डॉक्टर शिंकला तरी लिहून घेते. संध्याकाळी लायब्ररीतून दोन जाडजूड पुस्तकं घेऊन आली. फिलिपिनो स्वयंपाक. मी म्हटलं, आधी तो देश दाखव. तिने नकाशात दाखवला. सांडलेले शेंगदाणे.
करार असा: रविवारी, २२ तारखेला, मी एकटीने आडोबो करायचं. म्हणजे व्हिनेगर आणि सोया सॉसमधलं चिकन. कुणाला विचारायचं नाही, शेवटी गॅस स्वतः बंद करायचा. पास, तर बटणं परत. नापास, तर शेगडीच काढून टाकणार आणि मला दुपारी बाहेरचा डबा.
नापास कसली होतेय. चौथीत मी दुसरी आले होते. पाचवीला बसवलं असतं तर पहिली आले असते.

८ मार्च
पुस्तक इंग्रजीत. सुनेने पेन्सिलने खाली मराठी लिहून दिलं, तेही औषधाच्या पुडीवर लिहावं तसं. लसूण, आठ पाकळ्या. व्हिनेगर, अर्धी वाटी, एकदाच. तमालपत्र, दोन. व्हिनेगर घातल्यावर उकळी येईपर्यंत हलवू नये.
आयुष्यभर बाटल्यांवर 'हलवून घ्या' सांगणारी बाई मला हलवू नका सांगते.
संकल्प: तमालपत्रं मोजून घालायची.

१० मार्च
संध्याकाळी सुनेने एक बटण लावून दिलं आणि स्टूल घेऊन शेजारी बसली, पेपरावर देखरेख करणाऱ्या मास्तरणीसारखी. आडोबो झालं. बघूने एक घास खाल्ला, पाणी प्याला, मग आणखी पाणी प्याला. सून म्हणाली, आई, व्हिनेगर दोनदा घातलंत. मी म्हटलं, एकदाच. ती म्हणाली, मी समोर बसले होते. मी म्हटलं, मग बोलली का नाहीस. म्हणे, विचारायचं नाही असं ठरलं होतं ना.
दुकानदाराने बाटलीच अर्धी दिली असणार. सकाळी भरलेली दिसत होती.

१२ मार्च
दुसऱ्या पुस्तकात चिंचेचं आंबट सार आहे, सिनिगांग. फोटो बघूनच जमलं असतं. सून म्हणाली, येतं ते मोजणार नाही. जे येत नाही तेच मोजायचं, ही कुठली परीक्षा.
मग पान्सित, म्हणजे त्यांच्या नूडल्स. त्या तोडू नयेत, आयुष्य कमी होतं, अशी तिथली समजूत. मी कात्रीने कापल्या. वयाची एकोणऐंशी झाली. कापूनही पुरेल.

१४ मार्च
संकल्प: आजपासून तमालपत्रं मोजून घालायची. हे आधीच कसं सुचलं नाही.

१६ मार्च
दिवसभर घरात एकटी. बिनआचेची प्रॅक्टिस करते. चिकनच्या जागी बटाटे, व्हिनेगरच्या जागी पाणी, उकळी मनातल्या मनात. चार वेळा केलं. चारही वेळा उत्तम झालं.
खालच्या मजल्यावरच्या शिंप्याने सुनेला फोन केला, की आजी वर भांडी आपटतात. त्याचं मशीन सकाळपासून डोक्यात खडखडतं, मी कुणाला फोन केला?

१८ मार्च
संध्याकाळचं आडोबो ठीक झालं. फक्त हलवलं. साठ वर्षं हलवलंय, हात आपोआप जातो. सुनेने डबेवाल्याचा नंबर फ्रिजवर चिकटवला. तो मी उलटा करून चिकटवला.

१९ मार्च
सिंकखाली बघूची हत्यारांची पेटी सापडली. पक्कड खुंटीवर बसवून फिरवली. गॅस पेटला. बंदही झाला. चार बटणांचा एवढा तोरा, आणि एका पकडीत काम.
पक्कड तांदळाच्या डब्यात तळाशी खुपसली. विसरेन म्हणून लिहीत नाही. वहीलाही काही काम हवं.

२० मार्च
सून म्हणाली, आई, खरं सांगा, जमेल ना? नाही जमलं तरी चालेल, आम्ही आहोत. आवाज मऊ होता. मला तिचा कडक आवाज बरा वाटतो.
मी म्हटलं, तू रविवारी जेवायला भुकेली ये.

२१ मार्च, शनिवार
१०.१५. दोघंही कामावर. उद्याची रंगीत तालीम, खऱ्या आचेवर. भाताला आज हात लावणार नाही, एका वेळी एकच विषय.
१०.३०. पेटवला. पक्कड लगेच जागेवर ठेवली. शिस्त म्हणजे शिस्त.
१०.४०. लसूण मोजली. तमालपत्रं दोन. व्हिनेगर एकदाच घातलं. घातल्याचं इथे लिहिते, उद्या कुणी तोंड वर करून बोलायला नको.
१०.४५. उकळीची वाट बघतेय. हात पाठीमागे बांधलेत. हलवलं नाही.
१०.५५. उकळी आली. हलवलं नाही. सून असायला हवी होती इथे.
११.१५. आता आच बारीक करायची. पक्कड आणते.
११.३०. पक्कड पेटीत नाही. सिंकखाली नाही. गादीखाली नाही. देवाशप्पथ जागेवर ठेवली होती. जागा कुठली ते आठवलं की झालं. वही चाळून उपयोग नाही, तिच्यात नुसत्या पाककृती.
११.४०. रस आटला, बुड लागलं. भिंतीतला गॅसचा कॉक कपाटामागे, तिथे बघूचाच हात पोचतो. भांडं उतरवलं. आच तशीच. वर काही नाही आणि जळतेय.
११.४५. छतावरचा धुराचा अलार्म ओरडतोय. एक तुकडा चाखला. करपलाय, पण व्हिनेगर बरोबर आहे. एकदाच.
११.५०. खालून शिंप्याचं मशीन थांबलं. आता दारावर बेल, टेबलावरच्या फोनवर सून, दोन्ही एकदम. मला कामं आहेत, पक्कड शोधायचीय. बटणं जिच्या पर्समध्ये, तिनेच यावं आणि दाराला, फोनला काय ते उत्तर द्यावं.