बगळे, मी आणि चौदा नंबरची खुर्ची

२९ मार्च
सीझनला सहा दिवस. नवी स्कोअरवही, नवी पेन्सिल, नवा मी. यंदा ओरडायचं नाही. अंपायरच्या आईबद्दल बोलायचं नाही. बगळे, म्हणजे आमच्या गावचा बेसबॉल संघ, हरले तर हरले म्हणायचं आणि गपगुमान जेवायचं. डॉक्टरांनी रक्तदाबाचा आकडा कागदावर लिहून दाखवला, तो मला एखाद्या चांगल्या बॅटरच्या सरासरीसारखा वाटला. बायकोला, मॅक्सीनला, हे सांगितलं. तिला हसू आलं नाही.
अंदाज: नव्वद विजय. जास्तच, कमी नाही.

३० मार्च
मोठी बातमी. शेजारच्या बर्निसचा पोरगा डेल यंदा परत आपल्या बगळ्यांचा पिचर, म्हणजे बॉल टाकणारा. एकतीस वर्षांचा झाला. आठ गावं फिरून आला बिचारा. मी पाइन रॅपिड्समध्ये चौतीस वर्षं शाळेची बस चालवली. तिसरीत असताना हा पोरगा थांब्यावरून माझ्या बसच्या आरशावर बर्फाचे गोळे मारायचा. चालत्या बसच्या. दहातले नऊ लागायचे. तो हात जगात सर्वांत आधी मी ओळखला. (मुख्याध्यापकांकडे तक्रारही मीच केली होती, पण तो विषय वेगळा.)

४ एप्रिल
पहिला सामना. रांग जी, खुर्ची चौदा, तिसऱ्या बेसच्या मागे. सव्वीस वर्षं माझी. शेजारी पंधरावर ऑरिन, नेहमीप्रमाणे दोन घोंगड्या आणि शेंगदाण्यांची पिशवी घेऊन. नऊपैकी चौथ्या इनिंगला बर्फ पडला. ११–२ ने हरलो. थंडीत बॉल हाताला लागत नाही, हे विज्ञान आहे. शिवाय पहिला सामना कुणी मोजत नाही.

६ एप्रिल
हरलो. वारा उलटा होता.

७ एप्रिल
हरलो. कारण सापडलं. मॅक्सीनने टोपी धुतली! चौदा वर्षं त्या टोपीला पाणी लागलं नव्हतं. चौदा वर्षांचा घाम, मोहरीचा सॉस, ब्रॅटवर्स्ट सॉसेजचा रस, दोन अजिंक्यपदं, सगळं गटारात. मॅक्सीन म्हणते, अरे, कपाटाला वास मारत होता, मी काय करू? मी म्हणालो, तुला कळतंय का तू डेलचं काय नुकसान केलंस? ती म्हणाली, एल्डन, तुझं वय चौसष्ट आहे.
मी अंधश्रद्धाळू नाही. पण टोपी ती टोपी.

९ एप्रिल
दाढ काढली. डॉक्टरांच्या खुर्चीत मी, तोंडात कापूस, त्यामुळे सामन्याला जाता आलं नाही. बगळे ६–० ने जिंकले. टोपीत थोडी शक्ती शिल्लक होती म्हणायची.

१२ एप्रिल
डेलची पाळी. पहिल्याच इनिंगमध्ये चार रन दिले. मी एक शब्द ओरडलो नाही. फक्त उभं राहून, कोपर वर, कोपर वर, एवढंच सांगत होतो. ऑरिन म्हणाला, लेका, ते मिनेसोटापर्यंत ऐकू गेलं.
संध्याकाळी कुंपणापाशी बर्निस भेटली. डोळे सुजलेले. मॅनेजरने डेलला सांगितलंय, मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत बघू, नाहीतर नारळ. ती म्हणाली, एल्डन, त्याला बॉल टाकण्याशिवाय दुसरं काही येत नाही रे. मी तिला म्हटलं, काळजी करू नकोस, मी आहे ना.

१६ एप्रिल
मॅक्सीनच्या भाचीचं लग्न. बगळ्यांचा सामना असताना लग्न ठेवणारी माणसं पुढे सुखी होतात का, बघायला हवं. कानात रेडिओची वायर घातली होती. नवरी चालत आली तेव्हाच समोरच्यांनी डबल प्लेमध्ये आमचे दोघे एकदम बाद केले आणि मी, अरेरे, म्हणालो. मोठ्याने. मॅक्सीनने वायर काढून पर्समध्ये टाकली. बगळे जिंकले, हे मला केक कापल्यावर कळलं.

१९ एप्रिल
पाऊस. सामना रद्द. मॅक्सीन स्वयंपाकघरात चीज-बटाट्याचं कॅसरोल ओव्हनमध्ये ठेवून माझी स्कोअरवही चाळत बसली. चाळू दे म्हटलं, माणसाला आयुष्यात काहीतरी नीटनेटकं बघायला मिळू दे.
तासाभराने हाक मारली. म्हणाली, तू खुर्चीत होतास ते सामने सात. सातही हरले. दाढेचा दिवस, लग्नाचा दिवस, गीझर फुटला तो दिवस, रक्त तपासायला गेलास तो दिवस, हे चार. चारही जिंकले.
मी म्हणालो, अकरा सामन्यांवरून काही सिद्ध होत नाही. ती म्हणाली, हे तू म्हणतोस? टोपीवाला?
कॅसरोल खाल्लं नाही. नंतर थोडं खाल्लं.

२० एप्रिल
मागच्या वर्षीच्या वह्या काढल्या. तिला खोटं ठरवायला.
वह्या परत माळ्यावर ठेवल्या. विषय बंद.

२२ एप्रिल
शास्त्रीय प्रयोग. सामन्याला उशिरा गेलो. पोचलो तेव्हा सहावी इनिंग, बगळे ५–० ने पुढे. चौदावर बसलो. पेन्सिल काढेपर्यंत ५–३. सातव्या इनिंगला रिवाजाप्रमाणे सगळे उभे राहून गायला लागले तेव्हा ५–५. ऑरिन शेंगदाणे खायचा थांबला आणि माझ्याकडे नुसता बघत राहिला. ७–५ ने हरलो.
जाताना तो म्हणाला, वहिनींनी फोन केला होता परवा. वहीबद्दल.
घरभेदी बाई!

२३ एप्रिल
ऑरिनच्या गॅरेजात रांग जीची बैठक. नऊ जण होते आणि कुणीही माझ्या डोळ्यांत बघत नव्हतं. ऑरिन म्हणाला, गड्या, तुझ्याबद्दल कुणाच्या मनात काही नाही. पण शनिवारी डेल टाकतोय. पोराची भाकरी आहे त्यात. तू एक दिवस घरी बसशील का? रेडिओपण नको.
मी भयंकर चिडलो. सव्वीस वर्षं! बर्फात, उन्हात, त्या डासांच्या वर्षी! मग बर्निसचे डोळे आठवले. म्हटलं, ठीक आहे. डेलसाठी. त्याग माझ्या रक्तातच आहे.
सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. जरा जास्तच वाजवल्या.

२६ एप्रिल, शनिवार
दु. १.०५. सामना सुरू झाला असेल. मी तळघरात. खिडकीच्या चौकटीला रंग देतोय. मन एकदम शांत.
१.३०. शांत.
१.५०. चौकटीला तिसरा हात दिला. मॅक्सीन म्हणते काचेलाही दिलायस.
२.१५. गाडीत जाऊन बसलो. फक्त बसायला. रेडिओ आपोआप लागला, किल्ली फिरवली की लागतो तो. पाचवी इनिंग. बगळे २–०. कॉमेंटेटर जपून बोलतोय. का जपून बोलतोय?
२.२५. कळलं. समोरच्यांना एकही फटका मिळालेला नाही, म्हणजे डेलचा बॉल मारून कुणी बेसवर पोचलेला नाही. एकही नाही! नऊ इनिंग असंच राहिलं तर ते होईल. 'ते' काय, हे मी इथेही लिहीत नाही. त्याचं नाव काढायचं नसतं, पुढच्याच बॉलला मोडतं. बेंचवर पिचरच्या शेजारी कुणी बसत नाही, पाणीसुद्धा विचारत नाही. आणि हे करतोय कोण, तर आमचा डेल!
२.४०. सहावी झाली. अजूनही एकही फटका नाही.
२.५०. गाडी चालू केली. इंजिन गरम ठेवायला.
३.०५. स्टेडियमच्या पार्किंगमध्ये. पार्किंग म्हणजे मैदान नव्हे. वचन मोडलेलं नाही.
३.१५. आठवी झाली. आत पिन पडली तरी ऐकू येईल. गेटपाशी उभा आहे. गेटसुद्धा मैदान नव्हे.

संध्याकाळी ७.
लिहायला हवं. नववी इनिंग. दोन बाद. आणखी एक बाद आणि डेलचं नाव या गावात कायमचं. मला वाटलं, हा हात मी ओळखला, आणि हे मी भिंतीमागून ऐकायचं? जिन्यावरून फक्त डोकं वर काढलं. फक्त डोकं. ऑरिनने मला बघितलं. चेहरा पांढराफटक. तो हाताने, खाली, खाली, करत होता. मी त्याला खुणेने सांगितलं, अरे मी बसत नाहीये.
टक्! बॉल पहिल्या आणि दुसऱ्या बेसच्या मधून लोण्यातून सुरी जावी तसा गेला. 'ते' मोडलं.
पुढचा बॅटर लगेच बाद झाला. बगळे २–० ने जिंकले. पण चार हजार माणसं, आह, असं एकदमच म्हणतात तेव्हा तो आवाज अंगातून जातो. आणि रांग जी मैदानाकडे बघत नव्हती. जिन्याकडे बघत होती.

२७ एप्रिल
चर्चमध्ये आमच्या बाकावर आम्ही दोघंच.
दुपारी डेल कुंपणापाशी आला. मी म्हटलं, पोरा, माफ कर. तो म्हणाला, जाऊ द्या हो मिस्टर हॉकनेस, बॉल सरळ पडला, कुणीही मारला असता. किती मोठं मन! माझ्यासाठी खोटं बोलला. मॅनेजर त्याला अजून एक संधी देतोय. येत्या रविवारी, लाकूडतोडे संघाच्या मैदानावर. तिथे चांगलं टाकलं तर सीझनभर जागा पक्की.

३० एप्रिल
ऑरिन, आणि त्याच्या मागे रांग जी, आमच्या पायरीवर. मला वाटलं समेट. हातात पाकीट. आत लाकूडतोड्यांच्या मैदानाचं सीझन तिकीट! ग्रँट लेक, इथून चाळीस मैल. वर एक हिरवी टोपी, कुऱ्हाडीचं चित्र असलेली. ऑरिन म्हणाला, एल्डन, रविवारी तिथे बस आणि अगदी मनापासून त्यांच्या बाजूने ओरड. बाकी आपोआप होईल.
आधी अपमान वाटला. रात्रभर विचार केल्यावर वाटला नाही. नीट बघितलं तर हा सन्मान आहे. चाळीस हजार वस्तीच्या गावात एवढी ताकद कुणाकडे आहे? महापौराकडे नाही. मी बसलो की संघ कोसळतो. हे मला आधीच ओळखता आलं असतं, पण विनय आड आला.
मॅक्सीन म्हणाली, देवा, हे तर टोपीपेक्षा वाईट झालं.

३ मे
बर्निसला सांगितलं, उद्या निर्धास्त राहा. डेलची जागा पक्की समज. तिने माझा हात दाबला. आरशासमोर हिरवी टोपी घालून लाकूडतोड्यांची आरोळी पाठ केली. माझं मलाच कसंतरी झालं, पण तलवार म्यानात ठेवून लढाई होत नसते.

४ मे, रविवार
लाकूडतोड्यांमध्ये बसलो. त्यांचे ब्रॅटवर्स्ट बरे आहेत, हे ऑरिनला सांगायचं नाही. जीव तोडून ओरडलो. त्यांच्या म्हाताऱ्यांनी पाठ थोपटली, एकाने घोंगडीही दिली. आयुष्यात एवढ्या मनापासून कुणाला पाठिंबा दिला नव्हता.
लाकूडतोडे ९–१ ने जिंकले.
डेलला दुसऱ्याच इनिंगमध्ये काढला. तो मान खाली घालून बेंचकडे चालला होता, आणि मी हिरवी टोपी घालून उभा होतो. टोपी काढून खिशात कोंबली. उशीर झाला होता.
चाळीस मैल परत येताना रेडिओ लावला नाही. म्हणजे मी असलो तरी काही होत नाही, नसलो तरी होत नाही. पनवतीसुद्धा नाही मी. सव्वीस वर्षं मी तिथे नुसता बसलो होतो. एवढा अपमान मॅक्सीननेही कधी केला नव्हता.

६ मे
डेलला काढून टाकलं. त्यालाच विचारलं, माझं काही चुकलं का रे? तो म्हणाला, खांदा दोन वर्षांपूर्वीच गेलाय मिस्टर हॉकनेस, आईला सांगितलं नव्हतं, एवढंच. तुमचा काय संबंध? हसला, पण डोळे भरले होते. माझेही भरले. मी लपवले नाहीत.
मग म्हणाला, तुमच्याकडे एक काम होतं. शाळेच्या बस डेपोत जागा आहे. ऑगस्टपासून. परीक्षा द्यावी लागते. शिकवाल?
मी दोन मिनिटं बोलू शकलो नाही. मॅक्सीन म्हणते, लग्नानंतर पहिल्यांदाच.

१० मे
डेपोतून जुनी बस मिळवली, माझीच, नंबर एकवीस. आमच्या गल्लीत सराव. मी त्याच्या मागच्या सीटवर. शांतपणे सूचना देत होतो. आरसा बघ, कोपर खाली, आरसा, आरसा. पहिल्याच वळणावर डेलने पत्रपेटी पाडली. माझी.
परत प्रयत्न. बर्निसचं गुलाबाचं झाड.
डेलने बस बंद केली. मग अगदी आदराने म्हणाला, मिस्टर हॉकनेस, राग मानू नका, पण तुम्ही जरा खाली उतरून तिकडे, कोपऱ्यावर उभे राहता का?
उतरलो. कोपऱ्यावर ऑरिन कुत्र्याला घेऊन उभाच होता, त्याने मला शेंगदाणे दिले. डेलने एकाच दमात बस मागे घेतली, वळवली आणि दोन गाड्यांच्या मधल्या जागेत अलगद नेऊन लावली. चार बोटंसुद्धा इकडेतिकडे नाही.
स्कोअरवहीत नोंद केली.