नगरवरून जाणारं विमान

सावेडी, अहमदनगर
१६ फेब्रुवारी १९७२

प्रिय लीना,

‘चिरंजीव’ लिहायला हात धजला नाही. तीन वर्षांपूर्वी तू विमानातली नोकरी धरलीस, तेव्हा चहाचे ट्रे फिरवायला बी.ए. झालीस का, असं विचारून मीच तुला या घराची पायरी बंद केली होती. आता हे अक्षर बघूनच तू पत्र फाडशील, याची तयारी ठेवली आहे. पण आधी वाच.

तुझं एकच कार्ड आलं. आठवड्यातून चारदा सकाळी पुणे आणि औरंगाबाद करते, असं त्यात होतं. मी कार्डाला हात लावला नाही. जेवताना तुझ्या आईने एवढंच विचारलं, की मग विमान आपल्यावरूनच जात असेल ना? तीस वर्षं भूगोल शिकवलेला माणूस मी, मला कुठलं राहवतंय! नकाशा काढला, दोन विमानतळांमध्ये दोरा ताणला. बरोबर नगरवरून गेला. अंतर एकशे तीस मैल, वेळ पस्तीस मिनिटं, म्हणजे पुणं सोडल्यावर सतराव्या मिनिटाला तू आमच्या डोक्यावर. मी स्वतःवरच खूश होतो.

तेव्हापासून रोज दहाच्या सुमाराला तुझी आई गच्चीवर. कधी कुरडया वाळत घालायचं निमित्त, कधी गाद्यांना ऊन दाखवायचं. एखादं विमान दिसायचंही. मग आमची केशरबाई हातातली भांडी टाकून ओरडायची, “बाई, आलं बगा लीनाताईंचं इमान!” आई हात हलवायची आणि दिवसभर बरी असायची. मी खाली पेपर वाचत असल्यासारखा बसायचो.

गेल्या दिवाळीत माझा जुना विद्यार्थी गहिनीनाथ भेटला. तो विमान कंपनीच्या पुण्याच्या कचेरीत आहे. त्याला सहज विचारलं, तर तो हसला. म्हणाला, सर, पुणे-औरंगाबाद असं थेट विमानच नाही. पुण्याचं मुंबईला जातं, औरंगाबादचं मुंबईहून सुटतं. तुमच्या नगरचा संबंधच येत नाही. दोन वर्षं तुझी आई माझ्या चुकलेल्या गणितापायी भलत्याच विमानांना हात करत होती. मी तिला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, मग पोरीला घरीच बोलवा. ते मला नको होतं. लिहायला लाज वाटते, पण खरं तेच आहे.

लीना, तुझी आई सात तारखेला गेली. सकाळी गच्चीच्या जिन्यातच कोसळली. शेजारचे सुमंतराव तुला तार करायला निघाले, त्यांना मी अडवलं. तू मुंबईत, मुंबई-पुणे विमानाने अर्धा तास, पुढे एसटीने साडेतीन तास. दिवस मावळायच्या आत तू पोचली असतीस, हे मला कळत होतं. आज सीनेच्या काठी दहावा झाला. कावळा पिंडाला शिवेना. तिच्या भावाने, बहिणीने काय काय शब्द दिले. दीड तास झाला. शेवटी मी चारचौघांत हात जोडून मोठ्याने म्हणालो, लीनाला घरी आणतो. एकही कावळा फांदीवरून हलला नाही. भटजींनी दर्भाचा कावळा करून उरकून घेतलं. तिला माझा शब्द खोटा वाटला, आणि तिचं काय चुकलं? तो खरा करणं आता माझ्या हातात नाही, तुझ्या आहे.

अजूनही म्हणू देशील तर,
तुझाच,
अण्णा