तीन फेजची मोटर

हुडकेश्वर, नागपूर
१० जून १९८३

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. खुशाली एका ओळीत आणि माझी टिंगल दोन पानं, म्हणजे तब्येत उत्तम आहे असं समजते.

तू विचारलंस, की माझा लाकडी गुरांचा बाजार कसा चालला आहे. चांगला चालला आहे. हे गेल्यावर त्यांचा रंधा नि पटाशा विकून टाक म्हणणाऱ्यांत तू पहिला होतास. त्याच पटाशांवर मी जेवते. इतवारीतल्या व्यापाऱ्याने यंदा तान्ह्या पोळ्याला पोरांनी मिरवायला गेल्या वर्षीच्या दुप्पट बैल मागितले आहेत.

अडचण अंगठ्याची आहे. बैल कोरायला त्रास नाही, घासायला आहे. मानेखालची लोंबती पोळी, पायांमधली कमान, शिंगांची बुडं, सगळीकडे पॉलिश पेपर बोटाला गुंडाळून घासावं लागतं. अंगठ्याचं मूळ सुजून लिंबाएवढं झालं आहे. डॉक्टर म्हणाले, घासणं थांबवा, नाहीतर अंगठा कायमचा आखडेल. घासणं थांबलं तर बैल थांबले, बैल थांबले तर हे घर थांबलं, आणि मग मी तुझ्या ओट्यावर बसून संत्र्याच्या पेट्यांत तणस भरायचं. तुला हे फार आवडेल, मला ठाऊक आहे.

म्हणून घासायची मशीन बघायला गांधीबागेकडच्या एका दुकानात गेले. टेबलाच्या मधोमध उभा दांडा असतो, त्यावर पॉलिश पेपर चढवलेलं नळकांडं फिरतं, आणि लाकडाची आतली वळणं त्यावर टेकवून घासायची. दुकानदार माझ्याकडे न बघता माझ्या मागे बघत राहिला आणि शेवटी म्हणाला, की बाईसाहेब, घरच्या माणसाला पाठवा, मशीन त्यांना समजावून देतो. मी सांगितलं, की घरचा माणूस फोटोत आहे, हार घालून. फोटो काढून आणू का?

मग त्याने स्वस्तातली मशीन दाखवली. रंग असा चकचकीत, की लग्नातली अत्तरदाणीच. मी पिशवीतून बैलाचा एक पाय काढला आणि घासून दाखवा म्हटलं. नळकांडं जागच्या जागी फिरत राहिलं, पेपर एकाच पट्ट्यात भुशाने भरला आणि सागाच्या पायावर काळी जळकी रेघ उठली. तो म्हणतो, पॉलिशमध्ये लपते. अशा माणसाच्या हातून मी खुंटीसुद्धा घेणार नाही. चांगली मशीन फिरता फिरता वर-खालीही होते, म्हणून पेपर भरत नाही. तीही होती, मुंबईची. किंमत ऐकून मी बैलाचा पाय पिशवीत घातला आणि घरी आले.

आमच्याकडचा लेथवाला म्हणतो, मोटर आणून द्या, दांडा नि टेबल मी स्वस्तात करून देतो. आता मोटर शोधते आहे.

वहिनींना नमस्कार, तुझ्या नातीला, गोपिकेला, पापा. टिंगलीतून उरेल तेवढा लोभ माझ्यासाठी ठेव.

तुझी
जयवंता

*

बोरडोह, ता. नरखेड
१७ जून १९८३

चि. जयवंतास,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

पत्र वाचलं. तुह्या वहिनीले मोठ्यानं वाचून दाखवलं. फोटोच्या गोष्टीवर ते हसली अन् मंग पदर डोळ्याले लावला. बायकाइचं काही समजत नाही.

आपल्या घरात कोणी रंधा हाती धरला नाही. खरे बैल इथं गोठ्यात उभे आहेत, त्याइले चारा टाकाले माणूस भेटत नाही, अन् माही बहीण नागपुरात लाकडाच्या बैलाच्या गळ्याखाली गुदगुल्या करून राहिली. देवराव जावई होते तोवर ठीक होतं. त्यायचा धंदाच तो होता. तुले कोणी सांगितलं होतं? अंगठा सुजला तर देवानं सांगून पाहिलं असं समज.

बाबाच्या वेळची पट्ट्याची मोटर गोठ्यात पडून आहे. तिच्यावर कोंबड्या बसतात. परवाच्या एसटीनं टाकून देतो. उपकार समजू नको. कोंबड्याइची दुसरीकडं सोय झाली.

बाकी ठीक. मोटर फिरली की आमची आठवण करजो, नाही फिरली तर जास्त करजो.

तुझा
रुपराव

*

हुडकेश्वर
२५ जून १९८३

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

मोटर पोचली. ती टपावरून उतरवताना कंडक्टरने तुला ज्या शिव्या दिल्या त्या पोस्टाने पाठवण्यासारख्या नाहीत. रिक्षावाल्याने वेगळ्या दिल्या. कोंबड्यांनी आपला शेराही तिच्यावर ठेवला होता, तो मी घासून काढला. पुन्हा अंगठ्यानेच.

लेथवाल्याने तिच्याकडे एकदा बघितलं आणि खाली बसून हसला. म्हणाला, की बाई, ही विहिरीची मोटर, हिला तीन फेज लागतात आणि तुमच्या घरात एकच येते. ही तुमच्याकडे नुसती पाहुणी म्हणून बसेल.

दुसऱ्या कोणी हे केलं असतं तर मी भोळेपणा म्हटलं असतं. पण चहाच्या आधी विहिरीवर जाऊन बोर्डाचे तिन्ही दिवे लागलेत का ते बघणारा माणूस तू. एक दिवा नसताना कोणी बटणाला हात लावला तर त्याच्या सात पिढ्या काढणारा तू. तुला माहीत होतं, दादा. मोटर पाठवली हे दातृत्व गावभर सांगून झालं असेल, आणि ती इथे फिरणार नाही याची सोयही करून ठेवलीस. इतका लबाडपणा तू संत्र्याच्या दलालाशी केला असतास तर आज बंगला झाला असता.

ओसरीत ती माझ्यासमोर बसली आहे. तुझ्यासारखीच. जड, गप्प, आणि काही कामाची नाही.

वहिनींना नमस्कार. तुला नमस्कार वर केलाच आहे, पुन्हा करत नाही.

जयवंता

*

बोरडोह
२ जुलै १९८३

चि. जयवंतास,
आशीर्वाद, वि. वि.

माहीत होतं.

मंग काय? तिसरी फेज तुह्या घरी नाही, माह्या घरी आहे. मोटर घेऊन इकडे ये. इथं बसून घास तुले जितके घासाचे तितके बैल. व्यापाऱ्याले माल एसटीनं पाठव. तिथं हुडकेश्वरात काय आहे? चार घरं, चिखल, अन् साप. रात्री बिमार पडली तर कोण येईल, तुहे बैल?

तुले वाटते तू लय मोठी कारागीर झाली. एक बाई ओसरीत भुसा पाडत बसते, लोक हसतात. मले इथं येऊन सांगतात, मनून मले माहीत.

हट्ट सोड. लोभ इथं आल्यावर मोजून घे.

रुपराव

*

हुडकेश्वर
२० जुलै १९८३

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला, कारण मी कामात होते. मोटर फिरते आहे.

आमच्या गल्लीच्या टोकाला शालिकरामची पिठाची चक्की आहे. चक्कीला तीन फेज असतात, हे तुझ्या लक्षात आलं नाही आणि माझ्या आलं, याचं मला फार बरं वाटतं. दुपारी चक्की बंद असते, तेव्हा मागच्या पडवीत मी असते. भाडं तो घेत नाही. धान्य ओतायची त्याची लाकडी पेटी खिळखिळी झाली होती, ती मी नवी करून दिली. लेथवाल्याने मोटर उभी बसवली, पट्ट्याने तिची चाल कमी केली, आणि वर दांडा नि नळकांडं. ते वर-खाली होत नाही. मीच बैल हातात धरून वर-खाली करते. मुंबईच्या मशीनला जे दिमाखात जमतं ते मला उभ्याने जमतं. जळकी रेघ एकही नाही. पायांतली कमान अशी निघते, की दुकानदाराला त्याच्या अत्तरदाणीसकट आणून दाखवावी.

मध्ये गोणपाटाचा पडदा लावला आहे. तरी शालिकरामची बायको कौशल्या म्हणते, की आताशा गल्लीतल्या पोळ्यांना सागाचा वास येतो. लोक हसतात म्हणालास ते खरं आहे. दुपारी पिठाने पांढरी झालेली बाई बघून हसतात, मग बैल हातात घेऊन बघतात आणि हसायचं विसरतात.

अंगठ्याची सूज उतरली. मी कुठे येत नाही. तुझी मोटर मात्र माणसात आली.

वहिनींना नमस्कार. तुझा लोभ जिथे पडला असेल तिथे राहू दे, कोंबड्या बसतील.

जयवंता

*

बोरडोह
१ ऑगस्ट १९८३

‘सौ. जयाबाई’ नाही लिहीत आता, हात थांबला. जयवंताबाई, तुमच्या वहिनीचा नमस्कार.

तुमच्या दादाले न सांगता लिहून राहिली. अक्षर वाईट आहे, समजून घेजा.

तुमचं पत्र आलं तवा त्यायनं तंबाखू काढला, मळला, अन् न खाता फेकून देल्ला. बाई, मांगच्या महिन्यात त्यायनं बगिच्याकडची खोली चुन्यानं पोतवली. भिंत फोडून मोठी खिडकी बसवली, तुम्हाले कामाले उजेड लागते मनून. तीन फेजचा बोर्ड आत घेतला. मले म्हणे, तिले सांगू नको, आली की पाहील. मी म्हटलं, सरळ काहून नाही लिहीत, की एकटं वाटते, ये? तर म्हणे, असं कोणी लिहिते काय?

पोरं नोकरीवर गेली, गोपिका तेवढी शाळेसाठी आमच्यापाशी ठेवली. सांजेले भांडाले कोणी नाही त्यायले. माह्याशी भांडत नाही. म्हणे, तुले भांडता येत नाही, जयाले येते.

काल त्या खोलीत कांदे टाकले. मी इचारलं कांदे काहून, तर म्हणे, मंग काय आत हवा भरून ठेवू?

तुम्ही येऊ नका असं माहं मन म्हणते. तुमचं घर तुमचं. पण त्यायले इतकं टोचून नका लिहू. लिहाचंच असलं तर थोडं कमी टोचून लिहा.

तुमची
प्रयाग

*

हुडकेश्वर
१ सप्टेंबर १९८३

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

व्यापाऱ्याचे सगळे बैल गेले. पुढच्या वर्षाचं त्याने आत्ताच सांगून ठेवलं आहे. हे तुला चिडवायला लिहीत नाही. म्हणजे थोडं चिडवायलाच.

गोपिकेसाठी एक बैल एसटीने पाठवते. हा व्यापाऱ्याच्या बैलांसारखा नाही. आपल्या लहानपणी बाबांचा पवळ्या होता ना, तू ज्याच्या पाठीवर झोपायचास, त्याच्या वशिंडावरून केला आहे. याची एक बाजू मशीनवर घासली आहे आणि दुसरी हाताने. डॉक्टर रागावतील, पण एका बैलापुरता अंगठा वापरला. कुठली बाजू कुठली ते सांगत नाही. तू खऱ्या बैलांचा जाणकार. डोळे मिटून हात फिरव आणि ओळखून दाखव. ओळखलंस तर भाऊबीजेला येईन. राहून परतही जाईन, माझी चक्की इथे आहे. आले तर मला उजेडाची जागा लागेल. काम नसलं की मी कशी भांडते ते तुला माहीत आहे.

नाही ओळखलंस तर तुझा बैलांबद्दलचा बडेजाव कायमचा संपला असं समजेन.

तुझी
जया

*

बोरडोह
१२ सप्टेंबर १९८३

चि. जयास,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

बैल पोचला. गोपिकेनं तान्ह्या पोळ्यात फिरवला. सकाळपासून माह्याशी भांडून राहिली होती, की आबा, बैल खाली ठेवा, पोळा तुमचा नाही, माहा आहे.

डोळे मिटून हात फिरवला. सगळ्या गावासमोर. दोन्ही बाजू सारख्याच वाईट आहेत, मनून ओळखता आलं नाही. तुह्या अटीनं तू येत नाहीस. ठीक आहे.

पण शेपटीच्या बुडाशी एक जागा घासाची राहून गेली. मले बोटाले लागली. अशी अर्धवट वस्तू मी घरात ठेवत नाही. हे इथं येऊन घासून द्या लागते. पोस्टानं होत नाही.

तुह्या वहिनीनं तोंड उघडलं हे मले समजलं. तिले काही म्हटलं नाही.

कांदे काढले. वास आहे अजून. भाऊबीजेपर्यंत खिडकी उघडी ठेवतो.

रुपराव