चार ठोके, तिसरा जोरात

बाबा, दुपारच्या तासाला तुम्ही माझ्या वर्गात येता, हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. कळंबच्या शाळेत मी तुमच्याच पद्धतीने इंग्रजी शिकवते. खालापूरची शाळा सुटली की तुम्ही घरी यायचात. स्वयंपाकघरात मी लसूण सोलत बसलेली असायचे आणि तुम्ही पिठाच्या डब्यावर बोटाच्या पेराने शब्द वाजवायचात. "अगं, भाकर अख्खी कोंबतेस का तोंडात? तुकडे कर. आणि जोर एकाच तुकड्यावर." ए-ज्यु-के-शन. चार ठोके, तिसरा जोरात. माझा जोर चुकला तरी तुम्ही रागवायचा नाहीत. मी बरोबर म्हणेपर्यंत नुसता तोच शब्द वाजवत राहायचात. त्या चिवटपणाचा मला भारी राग यायचा.

आता माझी मुलं बाक वाजवतात. त्यांचा शब्द संपतो, हात थांबतात, आणि मागच्या रिकाम्या बाकावरून पुन्हा चार ठोके येतात. तिसरा जोरात. बाहेर लख्ख ऊन असतं. आधी मी स्वतःला सांगितलं, कुणीतरी वात्रटपणा करतंय. परवा पुढच्या बाकावरची मुलगी मागे वळून म्हणाली, "बाई, मागं कोण हाय?" मी तिला पुढे बघायला सांगून फळ्यावर पुढचा शब्द लिहिला.

ठोके मी पहिल्याच दिवशी ओळखले होते. अर्धांगाने तुमची वाचा गेली, तेव्हा कर्जतच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करायचं तर आजच, पण खात्री देत नाही. ते वळले आणि तुमचा चालता हात खाटेच्या लोखंडी दांड्यावर वाजू लागला. ऑ-प-रे-शन. आईने विचारलं, "काय म्हंतायत गं?" मी म्हटलं, "पाणी मागतायत." सही मला करायची होती. तुम्ही टेबलावरच गेलात तर ते माझ्या सहीने, या भीतीने माझी पाचावर धारण बसली होती. तुम्ही माझ्याकडे बघत पुन्हा वाजवलंत. मी तुमच्या ओठांना चमचा लावला. संध्याकाळपर्यंत तुम्ही वाजवत होतात, आणि मग थांबलात.

सोळा वर्षं मी स्वतःची समजूत घालतेय, की त्या ठोक्यांत बसणारे शब्द ढिगाने आहेत. इन्फर्मेशन आहे, पॉप्युलेशन आहे, तुम्ही काहीही म्हणत असाल. खोटं आहे ते. मला तेव्हाच कळलं होतं, आणि मला कळलंय हे तुम्हालाही कळलं होतं.

हा कागद मी फाडणार आहे, कारण दहिवलीच्या घरात आई सगळी कपाटं चाळते. काल भाजी निवडता निवडता ती म्हणाली, "एक बरं झालं गं, तुज्या हातचं पाणी पिऊन गेले. तहानलेले नाय गेले."

मी हो म्हटलं.