राउटरचा लाल दिवा

सिहोरा, बुधवार, संध्याकाळ

राउटर मेला. लाल दिवा लागून आहे आणि तो हिरवा होतच नाही. दोनदा रिसेट करून पाहिलं. लालच.

उद्या पुण्यात ताईचं ऑपरेशन आहे. आईले आज तिचा चेहरा पाहायचा होता. रोज व्हिडिओत ताई अटकून जाते, म्हणून मीच म्हटलं, कॉलच्या आधी राउटरचं फर्मवेअर अपडेट करून टाकतो. मधात वीज बंद करू नका, असं स्क्रीनवर लिहून होतं. हे आईले सांगायचं राहून गेलं. चहा मांडायले आत गेलो आणि आभाळ गरजलं. आईनं उठून प्लग काढला.

काहून काढला? मीच शिकवलं होतं. मागचा राउटर विजेनं जळला तवापासून, गरजलं का प्लग काढायचा. तिनं बरोबरच केलं. आणि मी ओरडलो तिच्यावर, कोणत्याच बटनाले हात लावत नको जाऊ म्हणून. असा कसा बोललो मी?

घरात मोबाईलले रेंज नाही. गच्चीवर जाऊन ताईले फोन लावला. तिनं पहिले हेच विचारलं, "आई कुठं आहे?" आईच्या गुडघ्यांनी गच्ची चढणं होत नाही. दिवाबत्ती करून राहिली, असं सांगून टाकलं.

खाली आलो तं घरभर अंधार, फक्त तो लाल दिवा. आई त्याच्यासमोर बसून होती. लाईट काहून नाही लावला, विचारलं.

"बटनाले हात लावू नको म्हणालास न, बाबू."