टिटवीचे पुढचे चाक

घर्रर्र… हा आवाज आधी भिंतीत भरला, मग बाकांत, मग आमच्या छातीत. सन १९४३, कल्याणची शाळा, इंग्रजी तिसरीचा वर्ग. गुरुजी फळ्यावर आर्येच्या मात्रा मोजत होते आणि नेवाळीच्या नव्या धावपट्टीवरून उठलेले लष्करी विमान आमच्या कौलांवरून गेले. गुरुजी खडू धरून थांबले. म्हणाले, "जाऊ दे त्याला, मग पुढची ओळ घेऊ." माझी पुढची ओळ सुरू व्हायला छत्तीस वर्षे लागली.

मी, यशवंत रामचंद्र गुप्ते, वय वर्षे सत्तर, धंदा आता काही नाही, पूर्वी कोलशेतच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन, राहणार खोपट, ठाणे, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाखाली न येता, उजवा गुडघा सोडून बाकी सर्व शाबूत असताना, स्वहस्ताक्षरात लिहीत आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. पूर्वी केले असते तर त्यात एक नाव आनंदाने घातले असते. आज ते घालायचे नाही म्हणून लिहितो आहे.

कलम १. राहता ब्लॉक माझी कन्या चित्रा हिला मिळावा. बाल्कनीचा कठडा एका बाजूने कापलेला आहे, तो दुरुस्त करू नये. विमानाच्या पंखाच्या सगळ्या फासळ्या मी याच घरात केल्या आणि तिथून दोराने खाली सोडल्या. खालच्या विमलाबाईंनी तेव्हा विचारले होते, "गुप्ते, हे सुकट वाळवायला काय?" त्यांना माझी क्षमा आहे.

कलम २. बँकेतील शिल्लकही चित्राची. शाळेची क्रमिक पुस्तके, ज्यांत पाठ केलेल्या कवितांखाली पेन्सिलीच्या रेघा आहेत, ती कविता पाठ असणाऱ्यासच द्यावीत. पुस्तक मिटून म्हणायला लावावे.

कलम ३. 'टिटवी' हे एका माणसाचे, लाकडी सांगाड्याचे, भंगारातल्या जर्मन मोटारीच्या इंजिनाचे विमान मी १९७९ ते १९८६ या काळात बांधले. नाव माझ्या पत्नीने, कै. मंदाकिनीने ठेवले. "जमिनीवरच धावतं आणि उगाच ओरडतं, दुसरं काय म्हणू?" असे ती म्हणाली होती. परवाना कधीच आला नाही. सध्या ते डाव्या पंखाने मोडलेले, कोलशेतच्या शेडमध्ये आहे. ते कल्याणच्या माझ्या शाळेस द्यावे. अट एकच. माझ्या मूळ नकाशाप्रमाणे त्याला पुढचे चाक पुन्हा बसवावे आणि शेपटीखालचे काढून टाकावे. मूळ चाक मिळणार नाही. ते कोणी नेले, हे कलम ५ मध्ये आहे.

कलम ४. रंधे, पटाशा, शिकंजे आणि माझी ड्रॉइंगची पेटी चित्रा देईल त्यास. वीत आणि बोटे मोजून काम करणाऱ्यास पेटी देऊ नये.

कलम ५. गुणाजी भिवाजी कोळी, होड्या बांधणारा, राहणार कोलशेत, यास माझ्या मिळकतीतील काहीही मिळू नये. कारण लिहिणे भाग आहे.

सांगाडा त्याच्याशिवाय उभा राहिला नसता, हे खरे. सात वर्षे दर रविवारी आम्ही एका डब्यात जेवलो. १९८६ च्या डिसेंबरात नेवाळीच्या त्या जुन्या, उखडलेल्या पट्टीवर टिटवी पहिल्यांदा धावली आणि पुढचे चाक खड्ड्यात अडकून नाकावरचा फिरता पंखा मोडला. गुणाजी म्हणाला, "दादा, आपली होरी कशी बसते? नाक वर, बूड खाली. ही जमीन पुढच्या चाकाची नाय."

मी म्हटले, "विमान म्हणजे होडी नव्हे रे."

"पण तुमची जमीन दर्यासारखीच हाय ना?"

मी ऐकले नाही. पाच वर्षांचे नकाशे होते माझे. शिवाय शेपूट खाली बसली की समोर फक्त आभाळ दिसते, वाट दिसत नाही. कवितेत ते छान असते.

१९८८ च्या फेब्रुवारीत मंदाकिनी तीन आठवडे इस्पितळात होती. परत शेडमध्ये गेलो तर टिटवी नाक वर करून बसलेली. त्याने विमान चिंचेच्या फांदीला टांगून तोल काढला होता, मुख्य चाकांचे पाय पुढे सरकवले होते, शेपटीखाली मुठीएवढे रबरी चाक लावले होते आणि माझे पुढचे चाक करवतीने कापून कुठे तरी नेले होते. मला न विचारता. मी विचारले, "कोणाला विचारून?" तो शेपटीखालच्या चाकाला तेल घालू लागला.

मार्चमध्ये ते खोटे पाडायलाच मी नेवाळीला गेलो. टिटवीने आधी शेपूट उचलली, मग चाकांनी जमीन सोडली. दोन बांबू उंच गेलो असेन. खाली टेकलो आणि झाले, असे समजून सुकाणूच्या पट्ट्यांवरचे पाय सैल सोडले, पुढचे चाक असताना सोडत असे तसे. गुणाजी मागून धावत ओरडत होता, "पाय जागे ठेवा, दादा! होरी लागली तरी सुकाणू सोडू नका!" टिटवी गर्रकन फिरली. डावा पंख गेला, माझा गुडघा गेला.

त्यानंतर कोलशेतच्या बंदरावर चार माणसांत मी म्हणालो, "याच्या मापाने होडीसुद्धा बांधून घेऊ नका." पुढे दोन हंगाम त्याच्याकडे नवी होडी आली नाही. महिन्याभराने मी टिटवीच्या पायांची मापे स्वतः घेतली. चूक निघाली नाही. हे मी कोणास सांगितले नाही. मृत्युपत्रात खोटे लिहू नये म्हणून इथे लिहितो. माझा राग मापावर नव्हताच. ज्याच्या भरवशावर शेडची किल्ली ठेवली, त्याने माझ्या पाठीमागे करवत लावली, त्यावर होता.

कलम ६. हे कलम आज सकाळी वाढवले. चित्राने वरील मजकूर वाचून कागद खाली ठेवला.

"बाबा, पाच नंबर काढा."

"का?"

"आईने सांगितलं होतं त्यांना. इस्पितळात. मी तिथेच होते."

"काय सांगितलं?"

"म्हणाली, 'गुणाजीभाऊ, यांना पडायचंच असेल तर पडू देत, पण तोंडावर नको. मी घरी यायच्या आत ते चाक काढ.' आणि माझं नाव सांगू नकोस म्हणाली. 'माझ्यावर रागावले तर जन्मभर बोलायचे नाहीत, तुझ्याशी आठ दिवसांत बोलतील.'"

आठ दिवसांची अकरा वर्षे झाली. मंदाकिनी त्यानंतर चार वर्षे होती. रोज माझ्यापुढे चहाचा कप ठेवी, शेकायची पिशवी गरम करून देई, आणि यातले काही बोलली नाही. गुणाजीनेही दोन हंगाम रिकामे काढले आणि तोंड उघडले नाही. दोघांनी मिळून मला फसवले. आता यातले कोणते नाव कोणत्या कलमात घालू, हे कोणत्याही वकिलाला सांगता यायचे नाही. कलम ५ कायम ठेवतो.

कलम ७. ज्याला मृत्युपत्रात काही मिळते त्याने साक्ष करू नये, असे वकिलांनी बजावले आहे. म्हणून साक्षीला शेजारचे बाबुराव व तळमजल्यावरचा रघु यांना बोलावले आहे. बाबुराव येऊन बसले आहेत. रघु आंघोळीला गेला आहे. बेल वाजली, तोच असेल.

तो नाही. दारात गुणाजी आहे. केस पांढरे झाले आहेत. चित्रा म्हणते, तिने बोलावले नाही. बंदरावर कोणी तरी सांगितले की गुप्तेदादा कागद करतायत. बगलेत गोणपाट आहे, त्यात माझे पुढचे चाक, तेल लावून ठेवलेले.

"तुमचा हाय, तुमाला दिला," तो उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला. "मना काय नको."

बाबुराव म्हणाले, "बरे आलात. दुसरी सही यांचीच घेऊ या. यांना कुठे काय मिळतंय?"

गुणाजीने पेनासाठी हात पुढे केला. मी पेन दिले नाही. त्याच पेनाने कलम ५ वर रेघ मारली, कलम ३ मधील 'कल्याणच्या माझ्या शाळेस' खोडून 'गुणाजीस' केले, अट काढली. माझा राग गेलेला नाही.

"चित्रा, रघूला हाक मार," मी म्हटले. "याची सही चालायची नाही."

ठिकाण: खोपट, ठाणे
दिनांक: १४ नोव्हेंबर १९९९
सही: य. रा. गुप्ते (खाडाखोड तीन जागी, तिन्ही माझ्या हातची)
साक्षीदार: १. बाबुराव कर्णिक
२. रघु मोरे (ओल्या हाताने, म्हणून शाई पसरली आहे)